दोन रांगांमधील वाट : मोटारसायकलस्वाराची मुभा आणि नियमाची भाषा

हमरस्त्यावर वाहने खोळंबून उभी आहेत. दोन रांगांच्या मध्ये पाच-सहा फुटांची मोकळी फट आहे. आणि त्या फटीतून एक मोटारसायकलस्वार पुढे निघून जातो. एवढीच ती कृती. ती करू द्यावी की नाही, ह्या प्रश्नाने अमेरिकेतील निरनिराळी राज्ये, फ्रान्स, बेल्जम, ऑस्ट्रेलिया इत्यादी ठिकाणच्या विधिमंडळांना व पोलीसखात्यांना गेली काही वर्षे बरेच गुंतवून ठेवले आहे. प्रश्न वरकरणी वाहतूकशास्त्राचा आहे आणि त्याचा निकाल अपघातांच्या आकड्यांवरून लागावा, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. तथापि ह्या वादाची कागदपत्रे वाचू लागले म्हणजे असे दिसून येते की, त्यातील बराचसा भाग शब्दार्थाचा आहे. दोन पक्ष एकच नाव घेऊन दोन वेगळ्या कृतींविषयी बोलत असतात. नियम जेथे काहीच बोलत नाही तेथे त्याच्या मौनाचे परस्परविरुद्ध अर्थ लावले जातात. आणि जेथे तो बोलतो तेथे वाक्यातील एखाद्या पदाचा अन्वय कोठे करावयाचा, हे निश्चित होत नाही. रस्त्यावरच्या माणसाचे हातपाय ज्या नियमावर अवलंबून असतात, तो कोणत्या शब्दांत मांडला आहे, हा भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा विषय मानण्याचे कारण नाही.

प्रथम नावांचा विचार करावयाचा. इंग्लंडात ह्या कृतीला 'फिल्टरिंग' म्हणतात. ही उपमा द्रवाची आहे : वाळूच्या थरातून पाणी गळून खाली यावे, तशी लहान वाहने मोठ्या वाहनांच्या थरातून पुढे येतात. त्यात कोणाचे काही मोडत नाही. कॅलिफोर्नियात रूढ झालेला शब्द 'लेन स्प्लिटिंग' हा होय, आणि त्यातील क्रियापद लाकूड फोडण्याचे आहे. जे एकसंध होते ते चिरले गेले, असा भाव त्यात आपोआप येतो. हा भाव ज्यांना नको असतो ते 'लेन शेअरिंग' म्हणतात, म्हणजे मार्गिका वाटून घेणे. फ्रेंचांचा सरकारी शब्दप्रयोग 'सिर्क्युलास्यों अँतेर-फील', रांगांमधील संचार, हा ह्या सर्वांत कोरडा आहे आणि म्हणूनच कायद्याला सर्वांत सोयीचा आहे. भारतीय रस्त्यांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांच्या इंग्रजी लेखनात 'सीपेज', म्हणजे झिरपणे, असा शब्द आढळतो. तोही पाण्याचाच, पण गाळण्यापेक्षा अधिक नैसर्गिक. गाळण्याला कोणी गाळणारा लागतो, झिरपण्याला लागत नाही.

मराठीत ह्या कृतीला पारिभाषिक नाव नाही. परंतु बोलण्यात क्रियापदांची वाण नाही. 'वाट काढणे', 'फटीतून गाडी काढणे', 'मधून घुसणे', 'कट मारणे' हे सर्व प्रयोग पुण्याच्या कोणत्याही चौकात कानी पडतात. त्यांपैकी 'वाट काढणे' ह्यात अडचणीतून मार्ग शोधण्याचे कौतुक आहे, तर 'घुसणे' ह्यात दुसऱ्याच्या हद्दीचा भंग आहे. मौज अशी की, तोच इसम स्वतःसंबंधी पहिले क्रियापद वापरतो आणि दुसऱ्यासंबंधी दुसरे. नावातच निकाल दिलेला असला म्हणजे वाद पुढे सरकत नाही, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

अलीकडे इंग्रजीत एक उपयुक्त भेद स्थिरावू लागला आहे. वाहने थांबलेली किंवा जवळजवळ थांबलेली असताना त्यांच्यामधून सावकाश पुढे जाणे ह्यास 'फिल्टरिंग', आणि दोन्ही बाजूंची वाहने चालती असताना त्यांच्यामधून त्यांच्यापेक्षा अधिक वेगाने जाणे ह्यास 'स्प्लिटिंग' म्हणावे, असा हा भेद आहे. सर्वत्र तो पाळला जात नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा दोहोंना एकच नाव देतो. तरीही प्रस्तुत विवेचनापुरते पहिल्या कृतीस 'झिरपणे' आणि दुसरीस 'दुभागणे' म्हटले असता पुढचा बराच गोंधळ टळतो. कारण पहिल्या कृतीला विरोध करणारा बहुधा दुसरी डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो, आणि दुसरीचे समर्थन करणारा पहिलीची उदाहरणे देत असतो.

आता नियमाच्या मौनाकडे वळावयाचे. अमेरिकेतील वाहतुकीचे कायदे राज्याराज्यांचे स्वतंत्र आहेत. तथापि त्यांना नमुना म्हणून एक 'एकरूप वाहनसंहिता' पूर्वीपासून तयार करण्यात आलेली आहे. त्या नमुन्यात मोटारसायकलसंबंधी दोन गोष्टी शेजारीशेजारी सांगितल्या आहेत. एक, मोटारसायकलस्वाराला संपूर्ण मार्गिकेचा हक्क आहे, व दुसऱ्या वाहनाने त्याला त्या हक्कापासून वंचित करू नये. दुसरी, कोणीही मार्गिकांच्या मधून अथवा वाहनांच्या लगतच्या रांगांमधून मोटारसायकल चालवू नये. अनेक राज्यांनी हा नमुना जवळजवळ जसाच्या तसा उचलला. कॅलिफोर्नियाने दुसरे वाक्य घेतले नाही. तेथील संहितेत सर्व वाहनांना लागू असा सामान्य नियम तेवढा आहे : वाहन व्यवहारतः शक्य तितके पूर्णपणे एकाच मार्गिकेत चालवावे, आणि सुरक्षितपणे करता येईल तेव्हाच ती मार्गिका सोडावी. एका मार्गिकेत एका वेळी एकच वाहन असावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा मोटारीच्या बाजूने, पण तिच्याच मार्गिकेच्या कडेने जाणारा स्वार नियम पाळतो की मोडतो? एका वाक्याच्या अभावामुळे कॅलिफोर्नियात ही कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली आणि शेजारच्या राज्यात तीच दंडनीय ठरली.

मौनाचा अर्थ लावण्याची ही अडचण आपल्याकडील शास्त्रकारांस अपरिचित नाही. पतंजलीच्या महाभाष्याच्या पहिल्या आह्निकातच साधुशब्द सांगावेत की अपशब्द, असा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याच्या उत्तरात भक्ष्याभक्ष्याचा दृष्टान्त येतो. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी अमुक पाचच भक्ष्य असे म्हटले की उरलेले अभक्ष्य आहेत हे न सांगताच कळते. आणि उलट, गावातला कोंबडा अभक्ष्य असे म्हटले की रानातला भक्ष्य आहे, हेही न सांगता कळते. मीमांसकांनी ह्यांपैकी पहिल्या प्रकाराला परिसंख्या म्हटले. वरील दोन प्रकारचे कायदे ह्या दृष्टीने पाहिले असता त्यांतील भेद स्पष्ट होतो. नमुना-संहिता दुसऱ्या जातीची आहे : तिने एक गोष्ट वर्ज्य केली, म्हणजे बाकीची मोकळी. पुढे युटासारख्या राज्यांनी केलेले कायदे पहिल्या जातीचे आहेत : त्यांनी एका परिस्थितीतील झिरपण्याला मुभा दिली, म्हणजे अन्य सर्व परिस्थितीत ते निषिद्ध. कॅलिफोर्नियाचा मूळ नियम मात्र ह्या दोहोंत बसत नाही. त्याने ना भक्ष्य सांगितले, ना अभक्ष्य. अशा वेळी लोकव्यवहार हेच प्रमाण उरते. घागर हवी असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द वापरावयाचे म्हणून वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही, असे पतंजलीने त्याच ठिकाणी दाखविले आहे. कॅलिफोर्नियाचे स्वार विधिमंडळाकडे गेले नव्हते. विधिमंडळच पुढे त्यांच्या मागोमाग आले.

ते येण्यापूर्वी एक छोटे प्रकरण घडले, आणि भाषेच्या दृष्टीने ते फार बोधक आहे. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग-पोलिसांनी २०१३ साली ह्या विषयावर काही मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भोवतालच्या वाहनांपेक्षा ताशी १० मैलांहून अधिक वेगाने जाऊ नये, आणि वाहतूकच ताशी ३० मैल किंवा त्याहून वेगाने चालली असेल तर रांगांमधून जाणे श्रेयस्कर नाही, अशा स्वरूपाचा तो उपदेश होता. त्यावर एका नागरिकाने तक्रार केली की, नियम करण्याची विहित पद्धत न पाळता हे खाते आडमार्गाने नियमच करीत आहे. परिणामी २०१४ साली सूचना मागे घेण्यात आल्या. खात्याचे म्हणणे असे होते की, हा केवळ सल्ला आहे. परंतु दंड करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याने दिलेला सल्ला हा सल्लाच राहतो काय? मराठीच्या विध्यर्थात ही संदिग्धता मुळातच आहे. 'वाहन सावकाश चालवावे' हे वाक्य शिक्षकाने लिहिले तर उपदेश, मालकाने लिहिले तर आज्ञा, आणि रस्त्याच्या कडेच्या फलकावर लिहिले तर काय, हे फलक कोणी लावला आहे ते पाहून ठरते. इंग्रजीत उपदेशाचे आणि आज्ञेचे सहायक क्रियापद वेगळे असूनही हीच अडचण आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. क्रियापदाचा अर्थ बोलणाराच्या अधिकारापासून तोडता येत नाही.

ह्या प्रकरणानंतर खात्याला सूचना करण्याचा अधिकार देणारा कायदा आवश्यक झाला. विधानसभा-सदस्य बिल क्वर्क ह्यांनी पुढे ढकललेल्या विधेयकाच्या आधीच्या स्वरूपात आकडे होते : वेगातील फरक ताशी १५ मैलांपर्यंत (सुमारे २४ किलोमीटर), आणि एकंदर वेग ताशी ५० मैलांपर्यंत (सुमारे ८० किलोमीटर). आकड्यांवरून तंटा झाला व अखेरच्या मसुद्यातून ते गाळण्यात आले. राज्यपाल जेरी ब्राउन ह्यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये त्यावर सही केली आणि १ जानेवारी २०१७ पासून तो अमलात आला. अमेरिकेतील कोणत्याही राज्याने ह्या कृतीला दिलेली ही पहिली स्पष्ट मान्यता, असे त्याचे सर्वत्र वर्णन होते. कलम प्रत्यक्ष वाचणारास मात्र आश्चर्य वाटते, कारण त्यात मान्यतेचे क्रियापदच नाही. कलमात कृतीची व्याख्या आहे. पोलिसांना शैक्षणिक सूचना तयार करता येतील असे आहे. त्या करताना कोणाचा सल्ला घ्यावा हे आहे. ती कृती करण्यास परवानगी आहे, असे वाक्य कोठेही नाही. ज्या गोष्टीची सुरक्षित रीत शिकविण्याचा अधिकार कायदा देतो ती गोष्ट बेकायदा असू शकत नाही, ह्या अर्थापत्तीवर सारी मान्यता उभी आहे.

व्याख्येची रचना तर आणखी विचारात पाडणारी आहे. तीत सांगितले आहे ते असे : जमिनीला दोन चाके टेकलेली मोटारसायकल थांबलेल्या अथवा चालत्या वाहनांच्या रांगांमधून चालविणे, आणि ह्या सर्वांच्या शेवटी, वाहनांचा उल्लेख झाल्यावर लगेच, 'त्याच मार्गिकेत' अशा अर्थाचे पद आले आहे. (दोन चाके टेकलेली ही अट तीनचाकी मोटारसायकल व बाजूगाडी वगळण्यासाठी आहे. पुढचे चाक हवेत उचलून धावणारा हुन्नरी स्वारही तीमुळे व्याख्येबाहेर पडतो, हा आनुषंगिक लाभ.) प्रश्न असा की, हे शेवटचे पद कोणाचे विशेषण? इंग्रजीत ते जागा न बदलता वाहनांशीही जोडता येते आणि चालविण्याच्या क्रियेशीही जोडता येते. मराठीत भाषांतर करणाराला ही सवलत मिळत नाही. 'त्याच मार्गिकेतील वाहनांच्या रांगांमधून' असे तरी लिहावे लागते, किंवा 'त्याच मार्गिकेत राहून चालविणे' असे तरी. एका '-ईल' प्रत्ययाच्या असण्या-नसण्याने मराठी वाक्य एका बाजूला झुकते.

पहिला अन्वय घेतला तर एकाच मार्गिकेत वाहनांच्या दोन रांगा असल्या पाहिजेत. अमेरिकन महामार्गावरील मार्गिका सामान्यतः १२ फूट रुंद असते आणि मोटार सुमारे ६ फूट; तिच्यात मोटारींच्या दोन रांगा आणि मधून जाणारा स्वार हे चित्र असंभव आहे. दुसरा अन्वय घेतला तर स्वाराने शेजारच्या मोटारीच्याच मार्गिकेत राहावयास हवे. पण मग मधल्या तुटक पांढऱ्या रेषेवरून जाणारा, कधी तिच्या डाव्या तर कधी उजव्या बाजूला येणारा स्वार व्याख्येत बसतो काय? आणि प्रत्यक्षात तर स्वार ह्या रेषेच्या आधारानेच जातो. म्हणजे काटेकोर वाचनात ज्या कृतीसाठी व्याख्या केली तीच कृती निसटते. व्यवहारात मात्र असे कोणी वाचीत नाही. पोलीस, स्वार आणि विमेवाले सर्वजण कृती आधीपासून ओळखतात व व्याख्येतील पदे तिला जुळवून घेतात. लक्ष्य पाहून लक्षण लावणे ते हेच. ह्या मार्गाने अर्थ स्थिर होतो हे खरे. परंतु जोपर्यंत लक्ष्य सर्वांना सारखेच माहीत आहे तोपर्यंतच. परराज्यातून आलेल्या मोटारचालकाला ते माहीत नसते, आणि मार्गिका बदलताना आरशात पाहावयाचे असते ते त्यालाच.

इतके झाल्यावर मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ही मुभा हिताची की अहिताची ह्याकडे, यावयास हवे. समर्थकांचा मुख्य मुद्दा असा की, खोळंबलेल्या रांगेच्या शेवटी उभा असलेला स्वार मागून येणाऱ्या मोटारीच्या धडकेस उघडा असतो. दोन मोटारींची अशी धडक झाली तर पत्रा चेपतो. मोटारसायकल मध्ये सापडली तर माणूस चेपतो. विरोधकांचा मुद्दा असा की, मोटारचालकाची नजर आपल्या बाजूच्या अरुंद फटीतून कोणी येईल अशी अपेक्षाच करीत नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. म्हणून मोजमाप करावे लागते.

ह्या संदर्भात १९८१ सालचा हर्ट अहवाल वारंवार पुढे केला जातो. लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन केलेली ती तपासणी मोठ्या योग्यतेची आहे. पण तिचा विषय हा नव्हता, आणि तिच्या आधारे ह्या वादात बाजू घेणे म्हणजे साक्षीदाराला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे होय. प्रत्यक्ष ह्याच विषयावरचे काम बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. अपघातात सापडलेल्या ५,९६९ स्वारांची माहिती त्यांनी तपासली. त्यांपैकी ९९७ जण अपघातसमयी रांगांमधून जात होते. ह्या ९९७ जणांत डोक्याला इजा झालेल्यांचे प्रमाण ९ टक्के, तर इतरांत १७ टक्के, धडाला इजा १९ टक्के, इतरांत २९, मृत्यू १.२ टक्के, इतरांत ३ टक्के. मागून धडक बसण्याचे प्रमाण २.६ टक्के, इतरांत ४.६. मात्र स्वत: पुढच्या वाहनावर मागून आदळण्याचे प्रमाण रांगांमधून जाणाऱ्यांत ३८.४ टक्के आणि इतरांत अवघे १५.७ टक्के होते. हा शेवटचा आकडा समर्थकांच्या पत्रकांत क्वचितच आढळतो.

ह्या आकड्यांचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. रांगांमधून जाणारे हे बहुतेक कामाच्या दिवशी कचेरीच्या वेळी प्रवास करणारे होते. पूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण त्यांच्यात अधिक होते, आणि मद्य घेतलेले कमी होते. म्हणजे इजा कमी होण्याचे श्रेय कृतीला किती आणि स्वाराच्या स्वभावाला किती, हे ह्या तक्त्यांतून सुटे होत नाही. शिवाय हे सर्व अपघात झालेलेच स्वार आहेत. रांगांमधून एकूण किती जण गेले व त्यांपैकी किती सुखरूप पोचले, हा छेद हाती नसल्यामुळे ह्या कृतीने अपघात घडण्याची शक्यता वाढते की घटते, ह्याचे उत्तर हा अभ्यास देत नाही आणि देतो असे संशोधकांनी म्हटलेलेही नाही. जे निःसंशय मिळते ते एवढेच, पण ते फार मोलाचे आहे : भोवतालच्या वाहतुकीपेक्षा वेगातील फरक ताशी १५ मैलांच्या आत असेल व वाहतूक ताशी ५० मैलांच्या आत असेल तोपर्यंत इजेचे प्रमाण फारसे वाढत नाही, त्या पुढे ते वाढू लागते. आणि ह्या दोहोंत फरकाचे महत्त्व अधिक.

हिशेब साधा आहे. ताशी १५ मैल म्हणजे सेकंदाला २२ फूट. शेजारची मोटार वळू लागल्याचे ध्यानात येऊन ब्रेकवर बोट पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर स्वार तिच्या तुलनेत ३३ फूट पुढे आलेला असतो, म्हणजे दोन मोटारींची लांबी. फरक दुप्पट झाला की हे अंतर ६६ फूट होते, आणि तितक्या अंतरावर काय चालले आहे हे फटीतून दिसतच नाही. रुंदीचेही तसेच. दोन मोटारी आपापल्या मार्गिकेच्या मधोमध असतील तर त्यांच्यामध्ये ६ फूट उरतात. मोटारसायकलच्या मुठींची रुंदी अडीच-तीन फूट. दोन्ही बाजूंना साडेआठ फुटी मालमोटारी असतील तर साडेतीनच फूट उरतात. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी नव्याने दिलेल्या सूचनांत आकडे नाहीत. पण मोठ्या वाहनांजवळून जाणे टाळावे, वेगातील फरक वाढला की धोका वाढतो, सर्वांत डावीकडील दोन मार्गिकांच्या मधून जाणे सामान्यतः अधिक सुरक्षित, असे सांगितले आहे. मोटारचालकांनाही बजावले आहे की, स्वाराची वाट मुद्दाम अडविणे वा त्याला अडविण्यासाठी दार उघडणे हे बेकायदा ठरू शकते. अशी सूचना करावी लागते ह्यातच रस्त्यावरच्या मनःस्थितीची कल्पना येते.

त्या मनःस्थितीच्या मुळाशी सुरक्षिततेपेक्षा न्यायाची भावना आहे, आणि मराठीतील 'रांग' हा शब्द ती नेमकी उघड करतो. रांग म्हणजे ओळ, तशीच रांग म्हणजे पाळी. शिधापत्रिकेच्या दुकानापुढे मधूनच पुढे जाणारा मनुष्य दुसऱ्याची पाळी घेतो. त्याच्यामुळे मागचा प्रत्येकजण एका माणसाने मागे पडतो. रस्त्यावरील रांग ही ओळ आहे, परंतु चालकाला ती पाळीच वाटते. वास्तविक स्वार फटीत शिरला की त्याची ओळीतील जागा रिकामी होते आणि त्याच्या मागचे सर्व तितके पुढे सरकतात. बेल्जममधील लूव्हेन येथील वाहतूक-संशोधकांनी २०११ मध्ये लूव्हेन-ब्रसेल्स मार्गासाठी केलेल्या गणिती प्रतिमानात दहा टक्के मोटारींच्या जागी मोटारसायकली आल्यास सर्व वाहनांचा मिळून वाया जाणारा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असे उत्तर आले होते. प्रतिमान हे प्रतिमानच. तथापि ह्या बाबतीत अन्यायाची तक्रार शब्दाच्या दुहेरी अर्थावर पोसलेली आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही. चौकातल्या थांबारेषेपुढे स्वारांचा घोळका जमून हिरव्या दिव्यावर मोटारी अडतात, ती तक्रार वेगळी व अधिक साधार आहे.

अन्य ठिकाणच्या कायद्यांचा परामर्श थोडक्यात घेता येतो, कारण बहुतेकांनी झिरपणे मान्य करून दुभागणे टाळले आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने जुलै २०१४ पासून ताशी ३० किलोमीटरपर्यंत मुभा दिली. युटाने २०१९ मध्ये, वाहने पूर्ण थांबलेली असताना व स्वाराचा वेग ताशी १५ मैलांच्या आत असताना. ॲरिझोनाने २०२२ मध्ये तशीच. मोंटानाने २०२१ मध्ये मर्यादा ताशी २० मैल ठेवली. ऑरेगनमध्ये त्याच वर्षी विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांनी नाकारले. कोलोरॅडोने ऑगस्ट २०२४ पासून मुभा दिली खरी, पण २०२७ मध्ये ती आपोआप संपेल अशी मुदत घालून. मिनेसोटाचा जुलै २०२५ पासूनचा नियम विशेष नोंद घेण्यासारखा आहे : स्वाराचा वेग ताशी २५ मैलांहून अधिक नसावा आणि भोवतालच्या वाहतुकीपेक्षा १५ मैलांहून अधिक नसावा. कॅलिफोर्नियाच्या मसुद्यातून गाळलेला फरकाचा आकडा येथे कायद्यात उतरला. बेल्जमने तर २०११ सालीच असा दुहेरी नियम केला होता. तेथे फरक २० आणि कमाल वेग ५० किलोमीटर.

फ्रान्सचा मार्ग निराळा. तेथे ही कृती सर्वत्र चालत होती आणि पोलीस काणाडोळा करीत होते. २०१६ च्या फेब्रुवारीपासून अकरा विभागांत तिला प्रयोग म्हणून मान्यता दिली गेली. पाच वर्षांनंतर प्रयोग संपला, तेव्हा त्या विभागांतील संबंधित रस्त्यांवर अशा वाहनांचे अपघात सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि जानेवारी २०२१ अखेर मुभा काढून घेण्यात आली. कालपर्यंत शासनाच्या आशीर्वादाने केलेली गोष्ट आज दंडनीय झाली. स्वारांनी रस्त्यावर उतरून निषेध केला. आणि ऑगस्टमध्ये एकवीस विभागांत दुसरा प्रयोग सुरू करावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये नियम कायम होऊन सर्व देशाला लागू झाला : दाट वाहतूक, विभाजित रस्ता, डावीकडील दोन मार्गिकांमधूनच वाट, कमाल वेग ताशी ५० किलोमीटर. ही रेषा कोठे आहे ते मोटारचालकाला आधीच ठाऊक असल्यामुळे तो त्या बाजूला पाहतो व थोडा सरकून फट रुंद करतो. कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत नसलेली गोष्ट येथे एका स्थलवाचक पदाने साधली आहे. न्यायालयांच्या दृष्टीनेही अशी निश्चिती महत्त्वाची असते. इंग्लंडात ती नसल्यामुळे १९६६ च्या एका प्रसिद्ध निकालात उभ्या रांगेला वळसा घालून जाणाऱ्या स्वारावर ८० टक्के दोष ठेवला गेला, आणि २००६ मध्ये अपील न्यायालयाने जवळपास तशाच प्रकारच्या स्वाराला सर्वस्वी निर्दोष ठरविले.

ह्या सर्व पुराव्यावरून पाहता, थांबलेल्या वा रांगत्या वाहतुकीतून झिरपण्याची मुभा असावी आणि तिची मर्यादा वेगातील फरकाच्या आकड्याने कायद्यातच बांधलेली असावी, ही बाजू अधिक सबळ दिसते. वेगवान वाहतूक दुभागण्याच्या बाजूने तसा पुरावा नाही. परंतु ही भूमिका जशीच्या तशी भारतात लागू करता येत नाही. भारतात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत, आणि २०२२ साली रस्त्यावर मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरच्या होत्या. तेव्हा प्रश्न येथे गौण आहे असे नव्हे. अडचण अशी की, 'दोन मार्गिकांच्या मधून' ह्या पदाला अर्थ येण्यास आधी मार्गिका असावी लागते. आखलेल्या मार्गिकेत राहावे व इशारा देऊनच ती बदलावी, हे १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत सांगितलेले होते आणि त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे विनियम आले. पण पुण्यात कर्वे रस्त्यावर किंवा मुंबईत लालबहादुर शास्त्री मार्गावर गर्दीच्या वेळी दोन पट्ट्यांवर बस, रिक्षा, टेम्पो आणि दुचाकी मिळून तीन-चार रांगा होतात, त्या दर शंभर फुटांवर बदलतात, आणि पांढरा पट्टा कोणाच्या तरी चाकाखाली असतो. अशा ठिकाणी अपवाद कोणता आणि नियम कोणता, हे सांगता येत नाही. जेथे जो तो झिरपतच असतो तेथे झिरपण्याला परवानगी देणे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी निरर्थक आहे. येथील नियमाला रेषांच्या भाषेत बोलून भागणार नाही. वाहनाच्या बाजूला किती फूट जागा असावी, बसच्या डाव्या अंगाने, जेथे उतारू उतरतात, तेथून जावे की नाही, आणि शेजारच्यापेक्षा वेग किती अधिक असावा, अशा रस्त्यावर डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींच्या भाषेत तो लिहावा लागेल.